नळाचं पाणी किती जड आहे हे घरीच कसं मोजायचं

पाण्याचा जडपणा मोजायचा म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं, टीडीएस मीटर घे आणि बुडव. कृपया हे करू नका. तो मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा मिळून अंदाज देतो, आणि जडपणा म्हणजे त्यातलं मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनरमधून (पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून) आलेलं पाणी त्यात बुडवून बघा, जडपणा जवळपास शून्य झालेला असतो तरी मीटरचा आकडा फारसा हलत नाही, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

फेस येतो का ते बघायची टेस्ट नुसत्या अंदाजापुरती ठीक, तीही खऱ्या साबणानेच, हँडवॉश किंवा डिटर्जंटला जड पाण्यातही फेस येतो. नीट आकडा हवा असेल तर थेंब मोजायचं किट घ्या.

पाणी गार नळाचं, फिल्टरच्या आधीचं, नळ मिनिटभर वाहू देऊन घ्या. गीझरचं नको, तापल्यावर काही क्षार आतच बसतात.

ट्यूब त्याच पाण्याने विसळा, खुणेपर्यंत भरा, बफर (पाण्याची आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण) आणि इंडिकेटर (रंग दाखवणारं) किटवर लिहिलेत तेवढे टाकून हलवा. पाणी लालसर होईल. सरळ निळंच झालं तर त्यात जडपणा नाहीच, तुम्ही चुकून सॉफ्टनरचं पाणी घेतलंय का ते बघा.

आता शेवटची बाटली, ईडीटीएची (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडून ठेवणारं रसायन), आणि सगळा घोळ इथेच होतो. थेंब टाकत गेलं की लाल रंग जांभळा होतो आणि मग निळा, आणि मी कित्येक महिने जांभळा दिसला की थांबायचे. एकाच नळाचं पाणी, एकदा ११ थेंब, दुसऱ्या दिवशी १४, आणि मी पाण्यालाच दोष देत बसले. जांभळा म्हणजे झालं नाही! लालीची छटासुद्धा उरता कामा नये. यावर मला सापडलेला खात्रीचा उपाय म्हणजे आधी एक ट्यूब मुद्दाम वाया घालवायची, त्यात निळं झाल्यावरही आणखी ३-४ थेंब टाकायचे आणि ती शेजारी ठेवायची, मग खऱ्या टेस्टचा रंग तिच्याशी जुळेपर्यंत थांबायचं नाही. मागे पांढरा कागद धरा आणि दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली निळा-जांभळा कळतच नाही. बाटली अगदी उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात आणि मोजणीला काही अर्थ राहत नाही. प्रत्येक थेंबानंतर हलवा, आणि रंग जांभळा व्हायला लागला की दोन थेंबांमध्ये ४-५ सेकंद जाऊ द्या, पाणी फार गार असेल तर रंग आणखी सावकाश बदलतो. पण म्हणून ट्यूब ठेवून दुसऱ्या कामालाही जाऊ नका, बफर टाकल्यापासून ५ मिनिटांत उरका, नाहीतर कॅल्शियम खाली बसायला लागतं आणि आकडा कमी येतो.

थेंब गुणिले एका थेंबाची किंमत (ती किटवर असते), झालं. दोनदा करा, एका थेंबापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

साधारण ६० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड, त्यापुढे खूपच जड. डिशवॉशरसारख्या मशीनचं सेटिंग जर्मन डिग्रीत (जडपणाचं दुसरं एकक) मागितलं असेल तर पीपीएमला १७.८ ने भागा, ग्रेनमध्ये असेल तर १७.१ ने.