शहराच्या ग्रंथपुरस्कारासाठी नियमावली कशी तयार करावी

शहराच्या नावाने ग्रंथपुरस्कार सुरू करायचे ठरले की वाचनालयाच्या कार्यकारिणीची पहिली बैठक बहुधा पाहुणे, सभागृह आणि स्मृतिचिन्ह यांतच संपते. परंतु पुरस्काराची पत ‘स्थानिक’ या शब्दाच्या व्याख्येवर ठरते, म्हणून नियमावलीची सुरुवात तेथूनच करावी.

पुरस्कार शहरातील लेखकाला द्यायचा की शहराविषयीच्या पुस्तकाला, हे आधी ठरवावे. टोरांटोचा १९७४ पासूनचा पुरस्कार त्या शहराचे दर्शन घडवणाऱ्या पुस्तकासाठी आहे, तर ओटावाचा १९८५ पासूनचा पुरस्कार तेथील रहिवासी लेखकांसाठी असून तो इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांतील पुस्तकांना मिळतो. सोलापूरसारख्या शहरात, जेथे मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात, तेथे भाषेचे कलम स्पष्टपणे लिहिणे अत्यावश्यक आहे.

वास्तव्याची अट घालताना सर्वाधिक काळजी घ्यावी. ‘सलग पाच वर्षे वास्तव्य’ हे कलम वरकरणी निर्दोष वाटते. पण या शहरात जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली आणि लग्नानंतर गाव व आडनाव दोन्ही बदललेली लेखिका त्याने बाहेर पडते, आणि हा अन्याय मला फार मोठा वाटतो. त्यापेक्षा ‘आयुष्यातील एकूण दहा वर्षे’ अशी अट ठेवावी, पुराव्यासाठी माहेरच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखलाही ग्राह्य धरावा आणि तसे अर्जावरच छापावे. नोकरीनिमित्त येऊन इथेच स्थायिक झालेल्यांनाही हीच अट सामावून घेते.

प्रकाशनवर्ष प्रवेशपत्रावरून न घेता पुस्तकातील मुद्रणविषयक तपशिलाच्या पानावरून तपासावे, कारण नव्या मुखपृष्ठाची दुसरी आवृत्ती पुष्कळदा नवे पुस्तक म्हणून दाखल होते.

परीक्षक तीन असावेत आणि त्यांतील किमान एक परगावचा असावा. लहान शहरात सगळेच एकमेकांना ओळखतात, हे गृहीत धरून प्रत्येक पुस्तकाची प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि मलपृष्ठावरील पाठराखण वाचावी. तेथे परीक्षकाचे नाव आढळल्यास त्या पुस्तकापुरते त्याचे गुण धरू नयेत, असे कलम आधीच असावे.

निकालासोबत परीक्षकांचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध करावे. आलेल्या सर्व पुस्तकांची एकेक प्रत दाखल नोंदवहीत नोंदवून वाचकांसाठी खुल्या कपाटात ठेवावी, आणि हे प्रवेशिका मागवतानाच लेखकांना कळवावे.