नगरपरिषदेचं रेकॉर्ड संगणकावर न्यायचंय? स्कॅनर शेवटी आणा

नगरपरिषदेच्या रेकॉर्ड रूममध्ये कधी गेला असाल तर तो वास माहीत असेल. जुना कागद, डिंक, गंजलेल्या टाचण्या, कोपऱ्यात टाकलेल्या डांबराच्या गोळ्या. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे आणि त्यांवर खडूनं लिहिलेलं '८७-८८ बांधकाम'. हे सगळं पाठ असलेला एक शिपाई असतो, आणि तो नेमका पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार असतो.

मग एक दिवस ठरतं की आता सगळं ऑनलाइन करायचं. निविदा निघते, स्कॅनर येतात, पोरं बसतात आणि पानामागून पान ओढायला लागतात. मी अशा एका कामावर होतो. काम संपल्यावर काही महिन्यांनी एक गृहस्थ १९८७ च्या बांधकाम परवानगीची नक्कल मागायला आले. स्कॅन झालेलं होतं, त्यात वाद नव्हता. पण फायलीचं नाव होतं 'स्कॅन_००४५१२', आणि एकाच फोल्डरमध्ये तशाच नावाच्या हजारो फायली. शेवटी शिपाईमामांनी शिडी लावली आणि दहा मिनिटांत मूळ गठ्ठा काढून दिला. गठ्ठा स्कॅन केला तरी गठ्ठाच राहतो, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून खालच्या क्रमात स्कॅनर बराच उशिरा येतो. तुम्ही लिपिक असा, नव्यानं निवडून आलेले नगरसेवक असा, की आपल्या गावाचं दप्तर नीट लागावं असं वाटणारे नागरिक. क्रम हाच ठेवा.

पायरी १: टेप घेऊन मोजा

किती गठ्ठे आहेत हे विचारलं की 'भरपूर' असं उत्तर येतं. त्यावर निविदा काढता येत नाही. टेप घ्या आणि कपाटांचे कप्पे फुटांत मोजा. ५०० कागदांचं नवं रीम साधारण दोन इंच जाड असतं. जुना कागद फुगलेला असतो, मध्ये पुठ्ठे आणि दोऱ्या असतात, म्हणून एका फुटाला दीड ते दोन हजार कागद धरा. शंभर फूट कप्पे म्हणजे दीड-दोन लाख कागद. एवढा आकडा हातात आला तरी पुढची बरीच हवेतली चर्चा थांबते.

मोजताना शिपाईमामांना बरोबर घ्या. कुठल्या कपाटात काय आहे, कुठला गठ्ठा लेखापरीक्षणाला गेला तो परत आलाच नाही, कोणतं रजिस्टर कुणाच्या घरी राहिलं, हे त्यांनाच ठाऊक असतं. ते निवृत्त व्हायच्या आधी सगळं वहीत उतरवून घ्या. पुढे कितीही महाग प्रणाली घेतली तरी तिच्यात ही माहिती नसेल.

पायरी २: निंदणी

सरकारी भाषेत याला अभिलेखांचं निंदणीकरण म्हणतात. शेतातली निंदणी आणि ही निंदणी एकच: तण उपटायचं, पीक ठेवायचं. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत कागदांचे वर्ग ठरलेले आहेत. 'अ' म्हणजे कायम ठेवायचे, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं आणि 'ड' एक वर्ष. कुठलाही लिपिक हे झोपेत सांगेल, कारण बहुतेक कार्यालयांत भिंतीवर तसा तक्ता असतो. पण तक्ता भिंतीवर आणि गठ्ठे जमिनीवर, अशीच पुष्कळ ठिकाणी परिस्थिती.

ही शिस्त संगणकानं आणलेली नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी टेबलं आणि दप्तर लावून दाखवलं. 'लखिना पॅटर्न' हे नाव अजून जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी आहे. सहा गठ्ठा पद्धतही त्याच जातीची. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायचे आणि नष्ट करायचे असे सहा गठ्ठे प्रत्येक टेबलावर लावायचे. ज्या कार्यालयात हे सहा गठ्ठे लागलेले असतात, तिथे ई-ऑफिस, म्हणजे फायली संगणकावरच फिरवायची प्रणाली, जमायला त्रास होत नाही. लागलेले नसतील तर आधी महिनाभर तेवढंच करा. संगणक कपाटात राहू द्या.

निंदणी करताना एक सांभाळा. वर्ग 'ड' असला आणि वर्ष उलटून गेलं असलं, तरी त्या प्रकरणावर कोर्टात दावा चालू असेल, लेखा आक्षेप मिटला नसेल किंवा माहिती अधिकाराखालचं अपील पडून असेल, तर तो कागद हलवायचा नाही. नष्ट करायच्या कागदांची यादी करून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, आणि ती यादी मात्र कायम ठेवा. 'कागद नष्ट केला' हे सांगणारा कागद नसेल तर पुढे 'कागद गहाळ केला' असंच म्हटलं जातं.

नीट निंदणी झाली की ढीग चांगलाच उतरतो. जे उरतं तेवढ्याच्याच स्कॅनिंगचे पैसे द्यायचे.

पायरी ३: नावं ठरवा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. दोन दिवस बसा: कार्यालयीन अधीक्षक, कर विभाग, बांधकाम, लेखा आणि आवक-जावक पाहणारा लिपिक. प्रत्येक नस्तीला, म्हणजे फायलीला, कोणत्या नोंदी द्यायच्या ते ठरवा. आमच्या यादीत शेवटी एवढंच राहिलं: विभाग, विषय, वर्ष, अर्जदाराचं नाव, मालमत्ता क्रमांक, वर्ग आणि कधीपर्यंत ठेवायची ते वर्ष. याहून जास्त रकाने केले की माणसं ते रिकामे सोडतात.

आता एक गंमत. एकाच गल्लीतल्या तीन नस्त्या घेतल्या. एकीवर 'सिटी सर्व्हे नं. २१४', दुसरीवर 'सि.स.नं. २१४', तिसरीवर 'सीटीएस २१४'. माणसाला तिन्ही एकच दिसतात, संगणकाला तीन वेगळ्या. तेच कुलकर्णी आणि कुळकर्णीचं, तेच वॉर्ड आणि प्रभागाचं. त्यामुळे जिथे शक्य असेल तिथे टंकायला न लावता यादीतून निवडायला लावा. पेठा, गल्ल्या, विभाग, विषय यांच्या याद्या आधीच तयार ठेवा.

दुसरं दुखणं जुन्या फॉन्टांचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची पत्रं श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फॉन्टांत टंकलेली असतात. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर अक्षरं मराठी दिसतात; फॉन्ट काढला की खाली रोमन अक्षरांचा काला निघतो. असा मजकूर शोधून सापडत नाही. ज्या फायली अजून लागतात त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून कळणाऱ्या रूपात, बदलून घ्या, आणि यापुढे फक्त युनिकोड असा लेखी आदेश काढा. तोंडी सांगितलेलं टंकलेखकाच्या सवयीपुढे टिकत नाही.

पायरी ४: प्रणाली निवडा

सरकारी कार्यालयांसाठी एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, ई-ऑफिस आहे. खासगी कंपन्यांच्या प्रणालीही आहेत. कोणती घ्यावी यावर पानभर लिहिता येईल, पण मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: 'उद्या तुम्ही गेलात तर आमची कागदपत्रं, त्यांच्या सगळ्या नोंदींसकट, कोणत्या रूपात परत द्याल?' उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका. आलेलं उत्तर करारात लिहून घ्या.

काही गोष्टी आधीच दुसरीकडे होतात हेही विसरू नका. जन्म-मृत्यूची नोंद केंद्र सरकारच्या सीआरएस पोर्टलवर होते. तीच नोंद आपल्या प्रणालीत पुन्हा टंकली की दोन तारखा, दोन स्पेलिंगं आणि शाळेच्या दाखल्याच्या वेळी बापाला हेलपाटे.

पायरी ५: एक तारीख ठरवा आणि नवं टपाल आधी घ्या

जुनं सगळं झालं की मग नवं, असा विचार केला तर नवं कधीच सुरू होत नाही. उलट करा. एक तारीख जाहीर करा. त्या दिवसापासून आलेलं प्रत्येक पत्र आवक कक्षातच स्कॅन होईल, त्याला नंबर पडेल आणि ते संगणकावरूनच टेबलावर जाईल. कागदी बारनिशी, म्हणजे आवक-जावकची नोंदवही, त्या दिवशी बंद. 'सवय होईपर्यंत दोन्ही चालू ठेवू' असं कुणीतरी म्हणेलच. तसं केलं की लिपिकाचं काम दुप्पट होतं, आणि तो जे सोडतो ते संगणकाचंच असतं.

ई-ऑफिसमध्ये टिपणी लिहायची पद्धत जुन्या माणसांना लवकर पटते असा माझा अनुभव. पिवळी टिपणी म्हणजे कच्ची, ती बदलता येते, टाकून देता येते. पक्की केली की ती हिरव्या पानावर जाते, आणि नस्ती पुढे गेल्यावर तिच्यातला कानामात्रा हलत नाही. एका अधीक्षकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "मग 'कृपया चर्चा करावी' असं लिहून परत पाठवता येतं ना?" येतं, म्हटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. फरक एवढाच की आता ती फाईल कुणाकडे किती दिवस 'चर्चेत' होती हे सगळ्यांना दिसतं. शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमात एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये असं आहे. कागदावर हे दिवस मोजणं अवघड होतं.

डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी किल्ली, मात्र ज्याचं त्यानंच वापरायचं. साहेब बैठकीला जातात आणि जाताना टोकन ऑपरेटरकडे देतात, पिन मॉनिटरला चिकटवलेली असते. हे चित्र मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवणं आणि हे यात काडीचा फरक नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नं या सहीला हाताच्या सहीचं वजन दिलेलं आहे, त्यामुळे 'मी केली नाही' म्हणून सुटका नाही.

पायरी ६: आता स्कॅनर

आधी कायमचं, म्हणजे सभांची इतिवृत्तं आणि ठरावबुकं. मग ज्यांच्या नकला रोज मागितल्या जातात ती, म्हणजे कर आकारणीची रजिस्टरं आणि बांधकाम परवानग्या. बाकीचं मागणी येईल तसं. एखादी नस्ती कुणी मागितली की तेव्हाच ती स्कॅन करून नोंदवायची, हीसुद्धा पद्धतच आहे आणि स्वस्त आहे.

पानं ३०० डीपीआयला घ्या आणि पीडीएफ-ए या प्रकारात ठेवा. हा प्रकार दीर्घकाळ जतन करण्यासाठीच बनवलेला आहे. पानाच्या मागची बाजू सोडू नका. जुन्या टिपण्यांत साहेबांचा खरा शेरा कित्येकदा मागेच असतो. स्कॅनरच्या खोक्यावर मिनिटाला चाळीस पानं असं छापलेलं असतं. टाचण्या काढणं, घड्या उलगडणं, फाटलेल्याला जोड लावणं, पुन्हा दोरीत ओवणं हे धरलं तर दोन माणसांच्या एका जोडीची दिवसाला दीड-दोन हजार पानं झाली तरी काम बरं चाललंय समजा. दर पन्नास पानांमागे एक पान कर्मचाऱ्यानं उघडून पाहायचं, ठेकेदाराच्या माणसानं नव्हे.

मोठे नकाशे वेगळे काढा, त्यांना मोठा स्कॅनर लागतो. अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशांच्या जुन्या पद्धतीच्या छापील नकला, उजेडानं उडत जातात, त्यांना आधी हात घाला. १८५० च्या कायद्याखाली उभ्या राहिलेल्या जुन्या नगरपालिकांत मोडीतली कागदपत्रंही निघतात. ती स्कॅन करता येतात, पण विषय कोण लिहिणार? मोडी वाचणारा माणूस आधी शोधा, नाहीतर सगळ्यांसमोर 'मोडी कागद' एवढाच विषय पडतो.

पायरी ७: मूळ कागद लगेच फेकू नका

स्कॅन झालं म्हणजे रद्दीवाल्याला बोलवायचं असं नाही. 'अ' वर्गाचा मूळ कागद राहतोच. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फायलीचं हॅश मूल्यही नमूद करावं लागतं. हॅश म्हणजे फायलीचा अंगठ्याचा ठसा समजा. आत एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. स्कॅन करतानाच तो काढून ठेवा.

पायरी ८: दुसरी प्रत, दुसऱ्या गावी

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि फायली जळाल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं. तळमजल्यांवरचं काय काय वाहून गेलं हे कोकणात कुणाला सांगायला नको. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कपाटात, ही व्यवस्था दोन्हींपैकी कशालाच पुरत नाही. एक प्रत गावाबाहेर हवी. त्या प्रतीतून फाईल खरंच परत उघडते का, हे पाहायला तिमाहीतून एक दिवस राखून ठेवा.

कोणाला काय दिसावं हेही याच सुमाराला लावून टाका. ठराव आणि निविदा लोकांसाठी खुल्या ठेवा. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ मध्ये अभिलेखांची सूची करून ते संगणकावर आणायचं आधीच सांगितलेलं आहे. सेवापुस्तकं आणि आधारच्या प्रती मात्र संबंधित टेबलापुरत्याच.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आवक नोंदीतले कुठलेही दहा क्रमांक उचला, घड्याळ लावा आणि त्या दहा नस्त्या शोधायला सांगा. नऊ मिनिटभरात उघडल्या तर दहावीसाठी संगणकात डोकं घालू नका, टेबलांचे खण उघडून बघा.