कथेचा नायक कसा घडवावा? हळदपेठेतल्या एका दिवाणजीचं उदाहरण

नवखे लेखक नायकाची सुरुवात बहुधा वर्णनानं करतात. उंची, रंग, डोळे, मग स्वभाव: प्रामाणिक, कष्टाळू, मायाळू. एवढं लिहूनही पानावर माणूस उभा राहत नाही, कारण यातल्या कशामुळेच त्याला काही करावं लागत नाही. म्हणून पहिली पायरी ही: त्याला काय हवंय ते ठरवा.

‘सुख’, ‘मान’ असलं मोघम नको. बोट दाखवता येईल अशी गोष्ट हवी. समजा, आपला नायक सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढीत, दिवाणजी आहे. नाव सदाशिव. दुसऱ्याच्या पेढीवर हळदीच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या वजन-पैशांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहिण्यात उमर गेली, आता त्याला स्वतःचा गाळा हवाय. कोणत्या ओळीतला, तेही त्यानं मनाशी धरलंय.

दुसरी पायरी माझ्या मते सगळ्यात मोलाची, तिथं घाई करू नका. त्याच्यापाशी आधीपासून असं काय आहे, जे गेलं तर तो स्वतःच्या नजरेतून उतरेल? सदाशिवापाशी शेतकऱ्यांचा विश्वास आहे. राजापुरी हळकुंडांची पोती उतरवणारे म्हातारे शेतकरी त्याची पट्टी न वाचता घडी करून खिशात घालतात. आता या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आणा. शेठ म्हणतात, “गाळ्याचं मी बघतो, सदा. तू फक्त पोत्यामागं किलोभर वजन कमी लाव.”

नुसते शेठ दुष्ट असून भागत नाही. सदाशिवाला गाळा नकोच असता, तर नाही म्हणून तो घरी गेला असता आणि कथा तिथंच संपली असती. गाळा जीव तोडून हवाय, म्हणून त्याला रात्रभर झोप लागत नाही, आणि वाचकही त्याच्याबरोबर जागा राहतो.

मग त्याला निर्णय घ्यायला लावा. मी तर म्हणेन, एकदा चुकीचा घ्यायला लावा. एका पट्टीवर त्याच्या हातून वजन कमी लागू द्या. ती पट्टी ज्याची, त्या शेतकऱ्यानं ती नेहमीसारखीच न वाचता खिशात घालू द्या. नायकाला सांभाळून घेण्याचा मोह फार होतो, पण वाचकाला निर्दोष माणूस नको असतो. तो असा का वागला, हे कळलं की वाचकाला पुरतं.

सांगलीची कथा म्हटली की पूर येतोच. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. असा प्रसंग जरूर वापरा, पण पूर सगळ्यांच्याच दारात येतो, त्यानं एकटा सदाशिव वेगळा दिसत नाही. घरात पाणी शिरताना तो माळ्यावर आधी काय चढवतो, बायकोचं शिलाई मशीन की खऱ्या वजनांची चोरून ठेवलेली वही, यात तो दिसतो.

बोलण्याचं थोडक्यात. ‘व्हय’, ‘न्हाई’ पेरल्यानं माणूस सांगलीचा होत नाही. कोण कुणाला काय म्हणतं ते ऐका. शेतकरी त्याला ‘अण्णा’ म्हणतात, शेठ नुसतं ‘सदा’. आकडेमोडीत आयुष्य गेलेला हा माणूस बायकोची काळजीही “सिलेंडर किती दिवस पुरंल?” असं विचारूनच दाखवेल. हंगामात, फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान, सकाळी सौद्यांच्या वेळी यार्डात उभं राहिलात तर असं बरंच कानावर पडेल.

शेवटी एक परीक्षा. लिहिलेल्या प्रसंगातून सदाशिवाला काढा आणि त्याच जागी शेजारच्या पेढीचा दिवाणजी बसवा. प्रसंग जसाच्या तसा चालला, तर दुसऱ्या पायरीकडे परत जा.