ब्रह्मा-कोचीनची पिल्लं वाढवताना: कोंबडा कोणता, तलंग कोणती?

ब्रह्मा, कोचीन अशा मोठ्या जातीच्या कोंबड्यांची दहा पिल्लं घेतली तर त्यांतली साधारण निम्मी कोंबडे निघणार आणि बाकीच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, हा हिशेब धरूनच पैसे मोजावेत. ‘सगळ्या माद्याच देतो’ असं सांगून ब्रह्मा किंवा कोचीनची दोन दिवसांची पिल्लं विकणाऱ्याला एक तर स्वतःलाच काही ठाऊक नसतं, नाही तर तो तुम्हाला गंडवत असतो. त्या वयात शेपटीखालचं द्वार हलकेच उघडून नर-मादी ओळखण्याची पद्धत आहे. ती १९२० च्या दशकात जपानमध्ये पुढे आली. पण त्यासाठी वर्षानुवर्षं हजारो पिल्लं हाताळलेली बोटं लागतात. व्हिडिओ बघून घरी करून पाहिलं तर पिल्लाच्या आतड्याला इजा होते आणि उत्तर चुकतं ते चुकतंच.

पंखावरून ओळखण्याचंही तसंच. पंखाच्या दोन ओळींतली पिसं लांब-आखूड असली की मादी, ही खूण खरी आहे, पण ती फक्त तशीच जोडी लावून काढलेल्या संकरात चालते. बापाकडून लवकर पिसं फुटण्याचा आणि आईकडून उशिरा फुटण्याचा गुण आलेला असावा लागतो. शुद्ध ब्रह्मात तिचा काही उपयोग नाही. रंगाची खूणही जोडीवरच अवलंबून असते. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेदार प्लिमथ रॉकची कोंबडी अशी जोडी लावली, तर डोक्यावर पांढरा ठिपका असलेली काळी पिल्लं नर आणि ठिपका नसलेली मादी. जोडी उलटी लावली की ही खूण गेली. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, दोऱ्याला बांधलेली अंगठी गोल फिरली की मादी, हे सगळं सोडून द्या.

म्हणजे पहिले काही आठवडे ओळखायच्या नादी लागायचं नाही, पिल्लं जगवायची. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३४-३५ अंश ऊब हवी, नंतर दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करायची. पंचवीस पिल्लांना ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब बहुधा पुरतो. थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात: बल्बखाली ढीग करून चिवचिवाट चालला असेल तर ऊब कमी, कडेला चोच उघडी टाकून बसली असतील तर जास्त. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस घाला. नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, कारण त्यावर पाय घसरून फाकतात, आणि जड जातीच्या पिल्लाचा फाकलेला पाय लवकर सरळ होत नाही.

खाद्यात नवखा माणूस दोन टोकाच्या चुका करतो. एक म्हणजे लवकर मोठं व्हावं म्हणून ब्रॉयलरचं खाद्य देणं. या जातींची हाडं आधी वाढतात आणि मांस मागून भरतं, ब्रह्माला पूर्ण अंग धरायला दीड ते दोन वर्षं लागतात. वजन हाडांच्या पुढे गेलं की पाय वाकतात. दुसरी चूक म्हणजे ‘गावरान पद्धत’ म्हणत नुसत्या कण्या आणि मक्याचा भरडा घालणं. त्यात बी-२ जीवनसत्त्व कमी पडतं, बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळतात. मँगॅनीज आणि कोलीन कमी पडलं तर टाचेची शीर सरकते आणि तो पाय कायमचा जातो. पहिले आठ आठवडे १८ ते २० टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर आणि त्यानंतर अंड्यावर येईपर्यंत सुमारे १६ टक्क्यांचं ग्रोअर द्यावं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य तलंगांना लवकर देऊ नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, आणि वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही.

लसीकरण टाळून चालत नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग खुराड्यात शिरला की दोन-चार दिवसांत सगळं साफ होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-स्ट्रेन ही राणीखेतची लस, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो रोगाची लस, महिन्याच्या आत पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस आणि त्यानंतर आठ-दहा आठवड्यांना आर-टू-बी ही राणीखेतचीच लस, असा साधारण क्रम असतो. तुमच्या भागातली साथ बघून पशुवैद्यक त्यात फेरफार करतात. लस बर्फात ठेवून आणा आणि कुपी फोडली की दोन तासांच्या आत संपवा. पाण्यातून देत असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका, त्यात लस मरते.

आता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून नजर ठेवायला सुरुवात करा. जड जातींत तलंगांना पिसं आधी फुटतात. त्यांच्या खांद्यावर पिसं झाकून येतात, शेपटीचा छोटा झुबका दिसतो. त्याच वयाचा नर खांद्यावर आणि पाठीवर उघडा-बोडका, शेपटीच्या जागी नुसता खुंट. हा अंदाज झाला, निकाल नव्हे. खुणा बघायच्या त्या एकाच जातीच्या, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांत. ब्रह्माचं पिल्लू ऱ्होड आयलंडच्या पिल्लाशेजारी ठेवून तुरा मापला तर ब्रह्माचा नरही मादीच वाटेल.

तुऱ्यावरूनच सगळ्यात जास्त लोक फसतात. कोचीन, ऱ्होड आयलंड, जर्सी जायंट यांचा तुरा एकेरी, करवतीसारखा. त्यात सहाव्या ते आठव्या आठवड्यात नराचा तुरा उंच आणि गुलाबी-लाल होतो, हनुवटीखालच्या पाळ्याही लोंबू लागतात. मादीचा तुरा तेव्हा पिवळसर आणि बसका असतो. ब्रह्मा आणि असील यांचा तुरा मात्र बसका, मटारच्या दाण्यांच्या तीन ओळी लावल्यासारखा. तिथे उंची बघून उपयोग नाही. मधली ओळ रुंद आणि जाड होते का, बुडाशी लाली येते का, हे बघायचं, आणि तेही नऊ-दहा आठवड्यांनंतर. शिवाय ही खूण ठराविक काळापुरतीच. अंड्यावर येऊ लागलेल्या तलंगेचा तुराही लालबुंद होतो. त्यामुळे पाच-सहा महिन्यांच्या पक्ष्याचा लाल तुरा बघून ‘नर’ म्हणणं चूक.

पायांच्या जाड नळ्या, ताठ उभं राहणं, छाती भिडवून भांडणं यांवर फार विसंबू नका. तलंगाही भांडतात.

खात्रीची खूण पाठीवर, शेपटीच्या अगदी पुढे असते. बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात नराला तिथे अरुंद, टोकदार, चकचकीत पिसं फुटतात. मादीची त्याच जागची पिसं रुंद आणि गोल टोकाची. एवढी वाट का बघावी लागते, तर पिल्लाची पहिली पिसं नर-मादी दोघांचीही सारखीच असतात, संप्रेरकं कामाला लागल्यावर फुटणाऱ्या पिसांतच फरक पडतो. गंमत म्हणजे टोकदार पिसं हा मूळचा साचा. मादीच्या बीजाशयातलं इस्ट्रोजेन त्या पिसांना गोल करतं. म्हणूनच म्हाताऱ्या कोंबडीचं बीजाशय निकामी झालं की तिला कोंबड्यासारखी पिसं येतात, कधी ती बांगही देते.

ही पिसं बघायची ती रात्री. दिवसा पाठलाग केला तर पक्षी दमतो आणि पिसं विस्कटतात. अंधार पडल्यावर पक्षी दांडीवरून उचला, काखेत धरा, टॉर्च लावा आणि शेपटीच्या पुढची पिसं बोटाने उलटी करून नवं, अजून नळीतून बाहेर पडणारं पीस शोधा. जुनी गोल पिसं अजून गळालेली नसतात, ती बघून फसायला होतं. मानेच्या पिसांवरून ठरवू नका, तिथे मादीचीही पिसं थोडी निमुळती असतात. पायात रंगीत कडी घाला आणि वही ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तोच पक्षी पुन्हा बघता येईल.

गडद ब्रह्मा पाळणाऱ्याचं काम सोपं आहे. मादीच्या छातीवर आणि पाठीवर राखाडी रेघांची नक्षी उमटते, नराची छाती सपाट काळी होते आणि मानेवर, खांद्यावर रुपेरी रंग येतो. दहा-बारा आठवड्यांत हा फरक दिसू लागतो. एकरंगी बफ (पिवळसर सोनेरी) कोचीन किंवा काळ्या जायंटमध्ये ही सोय नाही, तिथे शेपटीपुढच्या पिसांचीच वाट बघायची. बांगेवर थांबू नका. काही ब्रह्मा नर पाच-सहा महिन्यांचे झाले तरी गप्प असतात.

विकत घेणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच: ‘आठ आठवड्यांच्या माद्या’ म्हणून मिळणाऱ्या ब्रह्माचे भाव मादीचे देऊ नका. मादीच हवी असेल तर चार महिन्यांची घ्या, महाग पडली तरी.

नर ठरले की सोळा आठवड्यांच्या आत वेगळे करा, नाही तर लहान तलंगांची पाठ सोलून निघते. जड कोंबड्यामागे आठ-दहा माद्या हव्यात. जास्तीचे नर खायला किंवा विकायला काढायचे असतील तर पिल्लं फेब्रुवारीत काढा, म्हणजे गटारीच्या सुमारास ते पाच महिन्यांचे होतात. त्या वयात सांगाडा मोठा आणि मांस बेताचं असतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं.

घर बांधताना गावठी कोंबडीचं माप विसरा. पूर्ण वाढलेला ब्रह्मा कोंबडा पाच किलोंच्या पुढे जातो. आत माणशी नव्हे, कोंबडीशी चार-पाच चौरस फूट आणि बाहेर दहा चौरस फूट जागा द्या. बसायची दांडी जमिनीपासून फूट-दीड फुटावर, तीन-चार इंच रुंद आणि सपाट असावी. उंच दांडीवरून रोज सकाळी धप्पकन उडी मारली की तळव्याला जखम होते, तिच्यात पू धरून काळी खपली बसते. ते बरं करण्यात महिने जातात.

हवामानाचा विचार जात निवडण्याआधी करा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात जाड पिसांचे पक्षी दुपारी धापा टाकून मरतात. खाद्य पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्या, दुपारी पोटात खाद्य पचत असलं की अंग आणखी तापतं. छतावर पेंढा टाका, जाळीला ओलं गोणपाट लावा, पण वारा अडवू नका. कोकणात अडचण उलटी. ब्रह्मा-कोचीनच्या पायांवरची पिसं चिखलात भिजतात, त्यात विष्ठा सुकून गोळे होतात आणि बोटं सडतात. पायाची खवलं उचकटलेली दिसली तर किडा शिरला आहे असं समजा, कोमट पाण्याने पाय धुऊन खवल्यांवर व्हॅसलीन चोळा आणि आठवड्याने पुन्हा करा. चार महिने पाऊस पडणाऱ्या अंगणात पहिल्याच वर्षी ब्रह्मा घेण्यापेक्षा स्वच्छ पायांची ऱ्होड आयलंड रेड किंवा ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प घ्या. नर-मादी ओळखायचा हात त्यांच्यावरही बसतो, आणि त्यांचे तुरे ब्रह्मासारखे लपंडाव खेळत नाहीत.