डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून रक्तपेढीत येताय? लष्कराला रक्त कसं लागतं तेही शिकून घ्या

सीमेवर तणाव वाढला की कोल्हापुरातल्या रक्तपेढ्यांचे फोन खणखणायला लागतात. "दादा, शंभर पोरं घेऊन येतो, आजच कॅम्प लावा." सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात हे होणारच. नवीन टेक्निशियननं आधी शिकायचं ते या पोरांना न दुखावता "आज पंचवीस या, बाकीचे टप्प्याटप्प्यानं" असं सांगायला. सीपीडीए (रक्त गोठू न देणारं द्रावण) असलेल्या पिशवीतलं रक्त फ्रिजमध्ये ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट्स हलवत ठेवून जेमतेम ५. आणि आज रक्त दिलेला पुरुष पुढचे ९० दिवस आणि बाई १२० दिवस पुन्हा देऊ शकत नाही. सगळे एकाच दिवशी आले तर महिन्यानं साठा संपलेला आणि दातेही बाद.

रणांगणावर वाचवता आले असते असे बहुतेक जवान रक्तस्रावानंच जातात. त्यांना नुसत्या लाल पेशी पुरत नाहीत, रक्त गोठवणारे घटकही लागतात. म्हणून अमेरिकेसारखी लष्करं पुन्हा होल ब्लडकडे (घटक वेगळे न केलेल्या रक्ताकडे) वळली आहेत: ओ गटाचं, पण ज्यात ए आणि बी विरुद्धच्या अँटीबॉडी कमी आहेत असं. त्यासाठी टायटर, म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण, काढतात. एका रांगेत ट्यूब मांडायच्या, सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) दरवेळी निम्मं पातळ करत जायचं, त्यात ए किंवा बी गटाच्या लाल पेशी घालायच्या आणि त्यांची गुठळी कुठल्या ट्यूबपर्यंत दिसते ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण हात बसला की कुठंही उपयोगी पडतं. फ्रेंच लष्कर प्लाझ्माची पावडर वापरतं, फ्रिज लागत नाही. ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांत गोठवलेल्या लाल पेशी १० वर्षं राहतात, पण वितळवल्यावर धुवाव्या लागतात. घाईच्या वेळी हीच अडचण. जिथं फ्रिजच नाही तिथं आधीच तपासून ठेवलेले सहकारी जवान जागेवर रक्त देतात, त्याला वॉकिंग ब्लड बँक म्हणतात.

ओ म्हटलं की सगळ्यांना चालतं, हे मात्र डोक्यातून काढा. बॉम्बे ग्रुप (साधं ओ रक्तही न चालणारा दुर्मीळ गट) १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी मुंबईत शोधला, आणि हे लोक आपल्याकडेही सापडतात. फॉरवर्ड ग्रुपिंगमध्ये (लाल पेशी तपासताना) असा माणूस सरळ ओ दिसतो. रिव्हर्सला (सीरम तपासताना) ओ सेल्सची, म्हणजे ओ गटाच्या लाल पेशींची, ट्यूब लावली तरच गुठळी दिसते आणि भांडं फुटतं. त्याला साधं ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतेल. कॅम्पच्या गर्दीत सीनियर म्हणाले, "राहू दे रे, ओच आहे," तरी ती ट्यूब लावाच. माझी याबाबत वादावादी झाली आहे, पुढेही होईल.

नोकरी निवडताना पगाराआधी एकच विचारा: कंपोनंट सेपरेशन (रक्ताचे लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे घटक वेगळे करणं) होतं का? नुसत्या पिशव्या भरून देणाऱ्या जागी वर्षभरात हात जड होतो. सेपरेशन असेल तर पहिले काही महिने सेंट्रिफ्यूजशीच (पिशव्या वेगानं फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राशी) ड्यूटी मागून घ्या. प्लेटलेटची पिशवी उजेडात धरून हलकेच दाबली की आत धुरासारख्या लाटा फिरताना दिसल्या पाहिजेत. न दिसणारी पिशवी बाजूला काढायची, आणि ते कुणी सांगायची वाट बघायची नाही.