किनारा बंद असताना : शिडाच्या नौकेवर राहण्याची नागपुरातून करायची तयारी

मार्च २०२० मध्ये कोविडची महासाथ जाहीर झाली आणि काही दिवसांतच पॅसिफिक व कॅरिबियन समुद्रांतील अनेक बेटांनी परदेशी शिडाच्या नौकांना आपली बंदरे बंद केली. कित्येक आठवडे समुद्र ओलांडून आलेल्या माणसांना किनारा समोर दिसत असताना नांगरावर थांबावे लागले, किंवा पाणी आणि शिधा शिल्लक असेल तर पुढे जावे लागले. म्हणून साथीच्या काळात नौकेवर राहण्याचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी हे ठरवावे की, जमिनीला पाय न लावता आपण किती दिवस काढू शकतो. आणि हा आकडा कोठारातील भरपूर असलेल्या वस्तूवरून न काढता जी वस्तू सर्वांत आधी संपणार आहे तिच्यावरून काढावा. नागपूरकराला तर हा हिशेब अधिकच काटेकोरपणे करावा लागतो, कारण मुंबईचा किनारा आपल्यापासून रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि २०२० मध्ये जिल्हा ओलांडायलाही ई-पास लागत होता. घरी विसरलेली वस्तू टाळेबंदीत नौकेपर्यंत पोहोचेल, असे गृहीत धरू नये.

बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत आधी संपते ते पाणी. पिणे आणि स्वयंपाक एवढ्यासाठीच माणशी रोज ४ लिटर धरले, तर दोघांना ८ लिटर लागतात. टाकीत ३०० लिटर पाणी असेल आणि त्यातला एक तृतीयांश भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवला, तर हाती उरतात २०० लिटर, म्हणजे २५ दिवस. कपाटात तीन महिन्यांचे धान्य असले तरी ही नौका २५ दिवसांचीच स्वावलंबी आहे, असे वहीत स्पष्ट लिहून ठेवावे. भांडी आणि अंघोळ समुद्राच्या पाण्यात उरकून शेवटी थोड्या गोड्या पाण्याने खळखळून घेण्याची सवय निघण्यापूर्वीच लावावी. सर्व पाणी एका टाकीत न ठेवता काही भाग वेगळ्या कॅनमध्ये भरावा, म्हणजे टाकी गळली किंवा पाणी खराब झाले तरी सगळेच हातचे जात नाही. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे १२ व्होल्टवर चालणारे लहान यंत्र साधारण ४ अँपिअर विजेवर तासाला पाच-सहा लिटर पाणी देते, आणि परवडत असेल तर ते अवश्य बसवावे. मात्र खाडीच्या गढूळ किंवा बंदरातील तेलकट पाण्यात ते चालवू नये, आणि त्यातला मीठ गाळणारा पडदा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने कधीही धुऊ नये, कारण क्लोरीनने तो कायमचा निकामी होतो. पावसाचे पाणी धरण्यासाठी एक स्वच्छ ताडपत्री जवळ असावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, म्हणजे चार चौरस मीटरच्या ताडपत्रीवर २५ मिलिमीटरची एक सर शंभर लिटर देऊन जाते.

शिध्याच्या बाबतीत मात्र विदर्भातील घरांना फार काही शिकवावे लागत नाही, आणि ही आपली मोठी जमेची बाजू आहे असे मला मनापासून वाटते. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात वाळलेले सांडगे, मुगवड्या, कुरडया, पापड आणि हरभऱ्याची सुकी भाजी ही सारी फ्रिजशिवाय टिकणारी, वजनाला हलकी आणि थोड्या पाण्यात शिजणारी सामग्री आहे. दोन माणसांना तीन महिन्यांसाठी साधारण ७० किलो धान्य, १५ किलो डाळी व कडधान्ये आणि पाच-सहा लिटर तेल धरावे. धान्यात तांदूळ, पोहे, रवा आणि दलिया यांचा वाटा मोठा ठेवावा. ज्वारीची भाकरी कितीही प्रिय असली तरी दमट हवेत पीठ महिनाभरात कडवट होते, त्यामुळे पीठ थोडेच घ्यावे आणि त्याची जागा भाजणी व सातूच्या पिठाने भरून काढावी. सातू तर गॅस न पेटवताही खाता येतो, जे खवळलेल्या समुद्रात फार मोलाचे ठरते. नागपूरच्या इतवारी बाजारात घाऊक खरेदी केल्यावर सगळे धान्य कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावे आणि पुठ्ठ्याचे एकही खोके नौकेवर चढू देऊ नये, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात.

ताज्या भाजीपाल्याविना आठवडे जाणार असतील, तर क जीवनसत्त्वाची सोय जाणीवपूर्वक करावी लागते. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये जहाजावरील स्कर्व्हीच्या रुग्णांना संत्री आणि लिंबे देऊन गुण येतो हे दाखवले होते. आपल्या संत्र्याची साल सैल असल्याने ते फार दिवस टिकत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापुरती संत्री, त्यानंतर लिंबे, आणि पुढे मोड आलेले मूग व मटकी असा क्रम ठेवावा. मोड आणायला एक फडके आणि वाटीभर पाणी पुरते, आणि ते पाणी उसळीत वापरता येते.

गॅससाठी ५ किलोचा सिलिंडर काटकसरीने महिनाभर चालतो, आणि भिजवलेली डाळ कुकरमध्ये शिजवल्यास अधिकही चालेल. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तो नौकेच्या तळाशी साचून स्फोटाचा धोका निर्माण होतो. त्यामुळे सिलिंडर आत न ठेवता बाहेर, गळलेला गॅस तळाच्या छिद्रातून थेट समुद्राकडे निघून जाईल अशा कप्प्यातच ठेवावा. विजेचे गणितही असेच रोखठोक करावे. २०० वॅटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात १२ व्होल्टच्या बॅटरीला दिवसाला सुमारे ६० अँपिअर-तास देते आणि उष्ण हवेत एकटा फ्रिज त्यातला बहुतांश भाग खाऊन टाकतो, म्हणून इन्शुलिनसारखी गरज नसेल तर फ्रिज बंदच ठेवणे मला योग्य वाटते.

औषधांची पिशवी डॉक्टरांना दाखवून भरावी आणि रोजची औषधे किमान तीन महिन्यांची, चिठ्ठीसह घ्यावीत. दातांची तपासणी निघण्यापूर्वी नागपुरातच करून घ्यावी. थर्मामीटर, ऑक्सिमीटर, ओआरएस, पॅरासिटामॉल आणि जखमेच्या पट्ट्या हे तर हवेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे परत फिरण्याची खूण आधी ठरवणे. रक्तातील ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली जाऊ लागला की वाट न पाहता परत फिरायचे, हे दोघांनी शुद्धीवर आणि शांत असताना ठरवून लिहून ठेवावे. पस्तीस फुटांच्या नौकेत एकाला लागण झाली तर दुसऱ्याला वेगळे ठेवायला जागा नसते, म्हणून चढल्यावर पहिले १४ दिवस नांगरावरच, कोणालाही न भेटता आणि जिल्हा रुग्णालय असलेल्या अलिबाग किंवा रत्नागिरीसारख्या ठिकाणाच्या आवाक्यात काढावेत. लहान मच्छीमार गावात उतरून तिथल्या दुकानातील माल उचलणे आणि एका आरोग्य केंद्रावर आपला भार टाकणे हे साथीच्या काळात अन्यायाचे आहे, आणि स्वावलंबनाची ही सारी खटपट मुख्यतः तो अन्याय टाळण्यासाठीच करायची आहे.

पश्चिम किनाऱ्यावर हे राहणे ऑक्टोबर ते मे एवढेच शक्य आहे. ३ जून २०२० रोजी, निर्बंध अजून पुरते उठले नव्हते तेव्हाच, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. साथ आहे म्हणून समुद्र थांबत नाही. त्यामुळे मे महिन्यात नौका पाण्याबाहेर कोठे काढायची, याची लेखी बोलणी निघण्यापूर्वीच करावीत. नांगराची साखळी मोजताना भरतीची उंची धरावी: ओहोटीला पाच मीटर पाणी, उधाणाच्या भरतीचे साडेचार आणि नौकेच्या नाकाची पाण्यापासून एक मीटर उंची मिळून साडेदहा होतात, आणि त्याच्या पाचपट, म्हणजे पन्नास मीटरहून थोडी अधिक साखळी सोडावी लागते. डिझेलचे फिल्टर, पंपाचा इम्पेलर म्हणजे पाणी ढकलणारे चाक, इंजिनाचे पट्टे, शीड शिवायची सुई आणि दोरा यांचे सुटे संच बरोबर असावेत, आणि ते बदलण्याचा सराव हाताला असावा. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर उभे राहून हे कौशल्य येणार नाही. पण भोपाळच्या बड्या तलावावर आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या होड्या चालवायला शिकवतात, आणि दोन्ही शहरे नागपूरहून रेल्वेने सहज गाठता येतात.

शेवटी संपर्क. नौकांना आपसांत व किनाऱ्याशी बोलण्यासाठी असलेल्या व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा, संकटाच्या हाकेचा चॅनेल सतत चालू ठेवावा. उपग्रह फोन परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही, त्यामुळे तो परदेशातून मागवून परस्पर बरोबर नेऊ नये. नागपुरातील एका विश्वासू माणसाकडे घराची किल्ली, विमा व बँकेची माहिती, नौकेचे नाव, रंग, छायाचित्र आणि नांगरण्याच्या ठिकाणांची यादी द्यावी, रोज संध्याकाळची एक वेळ ठरवावी, आणि सलग दोन दिवस निरोप आला नाही तर त्यांनी तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्यावे.