पावसाळ्यातलं अंदमान: सोलापुरातून निघताना काय काय बांधायचं

‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार’ ही बातमी कानावर आली की सोलापुरात जीव सुखावतो. सप्टेंबरातला पाऊस त्या पट्ट्याच्या भरवशावरच येतो, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीची पेरणी त्या पावसाच्या भरवशावर. अंदमानच्या जेटीवर उभं राहिल्यावर मात्र त्याच बातमीचा अर्थ होतो, उद्या बोट सुटणार नाही. पावसाळ्यात तिकडे जायची तयारी करताना हा फरक आधी डोक्यात पक्का बसू द्या, मग बॅगेला हात लावा.

आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा पावसाळ्यात, कारण मुलांच्या शाळा, ह्यांची रजा आणि विमानाचे परवडणारे दर हे सगळं तेव्हाच जुळलं. पहिल्या खेपेला आम्ही छत्र्या, रेनकोट, प्लास्टिकच्या पिशव्या सगळं नेलं होतं, फक्त दिवस कमी नेले होते. स्वराज द्वीपहून, म्हणजे जुन्या हॅवलॉकहून, दुपारच्या बोटीनं पोर्ट ब्लेअरला यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान पकडायचं असं ठरलं होतं. जेटीवरच्या पत्र्याखाली दोन तास बसलो. समोरचा समुद्र आपल्या डोळ्यांना तसा शांतच दिसत होता. बाहेर मोकळ्या पाण्यात काय चाललंय ते जमिनीवरच्या माणसाला कळत नाही. मग एक माणूस आला आणि म्हणाला, आज नाही. उद्याचंही उद्याच कळेल. विमान गेलं, तिकिटाचे पैसे गेले, आणि रात्री सासूबाईंनी डबी उघडून दाखवली तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या चार उरल्या होत्या. पैशाचं नंतर विसरायला झालं, त्या चार गोळ्या मी अजून विसरले नाही.

म्हणून यादीत सगळ्यात वर लिहा: दोन रिकामे दिवस. आणि त्यांची जागा ठरलेली आहे, ती शेवटी. आधी लांबची बेटं करा, स्वराज द्वीप, शहीद द्वीप (जुनं नील), आणि शेवटचे दोन मुक्काम पोर्ट ब्लेअरला ठेवा. शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, तिकिटावर दोन्हीपैकी काहीही दिसलं तरी गोंधळू नका. सेल्युलर जेल, समुद्रिका संग्रहालय, चिडिया टापू ही ठिकाणं रस्त्यानं होतात, तिथे समुद्र आड येत नाही. बोट रद्द झाली तर हे दोन दिवस तिकडे खर्ची पडतात, नाही झाली तर शहर निवांत बघून होतं. हॉटेलांचं बुकिंगही तारीख बदलता येईल असंच करा. शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. पावसाळ्यात मुळात दर उतरलेले असतात.

जाण्याच्या वाटेवरही हेच. आपलं स्टेशन मुंबई-चेन्नई मार्गावर आहे ही सोलापूरकरांची मोठी सोय. चेन्नईला रेल्वेनं जाऊन तिथून विमान हा आम्हाला सगळ्यात सोपा वाटलेला रस्ता. पण गाडी पहाटे पोहोचते आणि विमान सकाळी आहे, असं काटोकाट कधी धरू नका. एक रात्र चेन्नईत काढा. पुढे तेराशेहून जास्त किलोमीटर नुसता समुद्र आहे.

औषधांचं आधी सांगते, कारण कपडे विसरले तर तिथे मिळतात. रोजच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांच्या वर आणखी आठवडाभर पुरतील एवढ्या घ्या आणि दोन वेगळ्या बॅगांत विभागून ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मोठं सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, पोर्ट ब्लेअरमध्ये आहे. लहान बेटांवर दवाखाने आहेत, पण तुमच्याच कंपनीची गोळी तिथे असेलच असं नाही. बोट लागण्यावरची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या, आणि ती बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी पोटात जायला हवी. तिनं झोप येते, म्हणून लहान मुलांचं प्रमाण नीट विचारून घ्या. बोटीत जागा मिळाली तर मधोमध, खालच्या मजल्यावर बसा. तिथे हेलकावा कमी. मोबाइलमध्ये मान घालून बसलं की हमखास मळमळतं, नजर लांब क्षितिजावर ठेवा. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका. लेप्टोचा ताप अंदमानात पावसाळ्यात जुना पाहुणा आहे. वॉटरप्रूफ पट्ट्या, जंतुनाशक मलम, बोटांच्या बेचक्यात टाकायची बुरशीची पावडर, ओआरएसची पाकिटं, डासांचं मलम हे एका डब्यात बांधा. किनाऱ्यावरच्या वाळूत बारीक माश्या असतात, चावलेल्या कळत नाहीत, रात्री खाज सुटते. ओल्या वाळूत नुसतंच बसण्यापेक्षा खाली काहीतरी अंथरा, आणि खाजवू नका असं मुलांना दहा वेळा सांगा.

आता ओल. आपण कोरड्या मुलखातली माणसं. आपल्याला पाऊस म्हणजे वरून पडणारं पाणी एवढंच माहीत. तिथे न पडतासुद्धा सगळं ओलं होतं. रात्री दोरीवर टाकलेला बनियन सकाळी तसाच गार, उशीचा अभ्रा दमट, पाकिटातल्या नोटा मऊ. आपल्याकडे बिस्किटाचा पुडा उघडा राहिला की सादळतो, तिथे माणूसच सादळतो.

त्यामुळे घरचा सोलापुरी टॉवेल नेऊ नका. मला त्या टॉवेलचा अभिमान आहे, पण तो जाड सुताचा, पाणी भरपूर पितो आणि त्या हवेत दोन दिवस वाळत नाही. चादरीचंही तेच. माणशी दोन पातळ पंचे घ्या. जीन्स घरीच राहू द्या. पातळ, पटकन वाळणारे कपडे, अर्ध्या चड्ड्या आणि आतले कपडे नेहमीच्या दुप्पट. बायकांनी सुती साड्यांपेक्षा सिंथेटिक कुर्ते बरे. नायलॉनची दहा हात दोरी आणि डझनभर चिमटे ही दिसायला क्षुल्लक वस्तू, पण रोज कामाला येते. खोली ठरवताना एसी आहे का हे सगळे विचारतात, तुम्ही पंखा आहे का तेही विचारा. कपडे पंख्याखाली वाळतात.

छत्री एकच पुरे, ती शहरात वापरायला. बेटांवर वारा आडवा येतो आणि छत्री उलटी होते. टोपीचा, गुडघ्याखाली येणारा रेनकोट घ्या. विकत घेण्याआधी तो घालून बघा, घरी मोरीत उभं राहून अंगावर दोन तांबे पाणी ओता आणि शिवणीतून आत झिरपतं का ते पाहा. आम्ही दुसऱ्या खेपेआधी हे केलं तेव्हा नवी पेठेतून आणलेल्या चारपैकी एक रेनकोट खांद्यावर गळत होता, तो दुसऱ्या दिवशी बदलून आणला. चपला पट्ट्याच्या, रबरी तळाच्या. चामड्याचं काहीही नको, त्याला चार दिवसांत बुरशी धरते. बूट नेलेच तर सोबत जुने पेपर घ्या, रात्री बोळे करून आत कोंबायचे.

मोबाइल आणि कॅमेऱ्यासाठी तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग एक तरी घ्याच. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या ज्या पुड्या येतात त्या वर्षभर साठवून ठेवा आणि त्या बॅगेत टाका. एसीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, ती पुसायला जाऊ नका, वीसेक मिनिटं पिशवीतच बाहेरच्या हवेत ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच चालते. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये पोहोचल्यापासून नेट पुष्कळ सुधारलंय, तरी लहान बेटांवर जोराच्या पावसात ते जातं, आणि मग फोनवरून पैसेही जात नाहीत. रोख रक्कम दोन ठिकाणी, झिपच्या पिशवीत. सगळ्यांच्या आधार कार्डांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि तिकिटांचे छापील कागदही तिथेच.

खाण्याचं आपल्याला सोपं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, याहून बरी शिदोरी प्रवासाला नाही. मात्र इथे महिना-महिना कुरकुरीत राहणारी भाकरी तिथल्या हवेत एका संध्याकाळीत चिवट होते. हे मी स्वतः पाहिलंय: पहिल्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत नेलेली भाकरी मोडायला गेले तर ती मोडेचना, वाकली. दुसऱ्या वेळी घट्ट झाकणाचे स्टीलचे दोन डबे नेले. एका डब्यात चार-चार भाकऱ्यांच्या वेगळ्या बांधलेल्या पुड्या, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. बोटीच्या दिवशी सकाळी अर्धी भाकरी आणि कोरी चटणी एवढंच खायचं, कुणाला काही त्रास झाला नाही. चटणीत तिखट असतं, ती हातातल्या बॅगेत अडवतात, मोठ्या बॅगेत ठेवा. सुकं खोबरं मोठ्या बॅगेतही चालत नाही, म्हणून खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका. श्रावण असेल आणि सोमवार धरत असाल तर भगर, साबुदाणा इथूनच न्या. एरवी बंगाली आणि तमिळ खानावळींत भात-भाजी सगळीकडे मिळते.

घड्याळाचं एक लक्षात घ्या. वेळ आपलीच, पण बेटं फार पूर्वेला. पावसाळ्यात तिथे पाचच्या सुमारास उजाडतं आणि पावणेसहाला सूर्य बुडालेला असतो. ढग असले तर त्याआधीच अंधार. सोलापुरात त्या वेळी लोक सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला निघतात. म्हणून दिवस पहाटे सुरू करा. गजराचं घड्याळ, विजेरी, तिचे जास्तीचे सेल.

पाण्यात उतरण्याबद्दल थोडं जास्त लिहिते. आपल्याकडची पुरुषमंडळी विहिरीत, कालव्यात पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना वाटतं पाणी ते पाणी. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. पावसाळ्यातल्या समुद्रात किनाऱ्याकडून आत ओढणारा प्रवाह असतो आणि तो वरून दिसत नाही. लाल झेंडा असेल तर गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या आहेत, त्या खऱ्या आहेत. या दिवसांत जलक्रीडा बऱ्याचदा बंद असतात, आणि चालू असल्या तरी पाणी गढूळ असलं की खालचं प्रवाळ धड दिसत नाही. जॉली बॉय बेट पावसाळ्यात बंदच असतं. मुलांना हे घरीच सांगून ठेवा, तिथे जाऊन रडारड नको. पत्ते, सापशिडी, दोन गोष्टींची पुस्तकं बॅगेत टाका. खोलीच्या व्हरांड्यात बसून समुद्रावरून चालत येणारा पाऊस बघणं हेही मला त्या सहलीतलं मोठं सुख वाटलं.

किनाऱ्यावरचं मेलेलं प्रवाळही उचलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. बाराटांग बेटाकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ठरल्या वेळी ताफ्यानं सोडतात, आणि वाटेत फोटो काढायचा नाही, थांबायचं नाही, खायला द्यायचं नाही. ती माणसं आहेत, त्यांच्या घरातून आपण जातोय, एवढं मुलांना पुरेसं होतं.

सेल्युलर जेलसाठी अर्धा दिवस वेगळा काढा. सावरकरांना ४ जुलै १९११ रोजी तिथे आणलं, म्हणजे भर पावसाळ्यात. मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. कोठडीचं दार लावून आत दोन मिनिटं उभं राहा, बाहेर पाऊस असेल तर आणखी चांगलं; भिंतीची ओल तळहाताला लागते. आमच्या मुलानं तिथेच आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांबद्दल विचारलं, तेही इथे होते का म्हणून. त्यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं, असं ह्यांनी त्याला कोठडीतच उभं राहून सांगितलं. निघण्याआधी एक संध्याकाळ मुलांना घेऊन हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन या, मग तो तुरुंग त्यांना नुसती इमारत वाटत नाही. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम उघड्यावर असतो, पावसानं रद्द होऊ शकतो, म्हणून तो शेवटच्या दोन संध्याकाळींतल्या पहिलीला धरा.

घरचं: पाणी येईल त्या दिवशी टाकी भरून घ्यायला शेजारच्या काकूंना किल्ली द्या, आणि दोन दिवस उशीर होऊ शकतो हे त्यांनाही आधीच सांगा. हवामान खात्याचा अंदाज आठवडाभर आधीपासून रोज बघा, सोलापूरचा नव्हे, अंदमानचा.

शेवटी बॅगेच्या तळाशी माणशी एक पूर्ण कोरडा जोड, आतल्या कपड्यांपासून पायमोज्यांपर्यंत, जाड पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीनं बंद करा आणि वर नाव लिहा. तो परतीच्या सकाळीच फोडायचा. सासूबाईंच्या पिशवीवर मी नावाखाली गोळ्यांची संख्याही लिहिली होती.